बुरशी व भुरी

ओलसर घरात कुबट वास येऊ लागला, की भिंतीवर, कपड्यांवर, चामड्यावर वा पुस्तकांच्या बांधणीवर जो पांढुरका, हिरवट किंवा काळसर थर दिसतो त्यास मराठीत बुरशी म्हणतात. इंग्रजीत अशा थरास 'मोल्ड' व 'मिल्ड्यू' अशी दोन नावे आहेत. त्यांपैकी दुसऱ्याचा मराठी प्रतिशब्द 'भुरी' असा दिला जातो आणि घोटाळ्यास तेथूनच सुरुवात होते. कारण मराठी शेतकरी ज्यास भुरी म्हणतो, ती घराच्या भिंतीवर कधीच वाढत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे भारजा नदीच्या मुखाजवळचे गाव ह्या भेदाचे उत्तम उदाहरण आहे. तेथे दोन्ही गोष्टी एकाच वाडीत आढळतात, मात्र निरनिराळ्या ऋतूंत. तालुक्यात वर्षाला सरासरी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच पडतो. ह्या काळात पेटीतील कपडे, देव्हाऱ्यामागील भिंत, चामडी वहाणा आणि आंबापोळीच्या थप्प्या ह्यांवर बुरशी चढते. पाऊस संपून थंडी पडली व आंब्याला मोहोर आला, की मोहोरावर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसू लागतो, ही भुरी. ती जिवंत पेशींत चूषके घालून अन्नरस घेते व तशा आधारावाचून वाढूच शकत नाही. तिच्या बीजुकांत पुरेसे पाणी असल्याने ती कोरड्या हवेतही रुजतात. उलट साचलेले पाणी त्यांना मारकच ठरते. घरातील बुरशी शवोपजीवी आहे. लाकूड, खळ, कागद, चामडे, भिंतीवरील धूळ हे तिचे अन्न असून तिला हवी असते ती मुख्यतः ओल. बहुतेक जातींना पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास लागते; ॲस्परजिलस प्रजातीतील काही जातींना ७० टक्केही पुरते. तेव्हा श्रावणात घराला येणारा वास भुरीचा नव्हे, हे पंचांग पाहूनही सांगता येते.

'मिल्ड्यू' ह्या शब्दाचा मूळ अर्थ मधाचे दव असा आहे. पानांवरील कीटकांच्या गोड, चिकट स्रावास तो प्रथम लावला जाई. आंब्यावरील तुडतुड्यांच्या स्रावावर जी काजळी धरते, ती पाहिली म्हणजे स्रावाचे नाव थराला कसे मिळाले असेल हे सहज उमगते. पुढे वनस्पतिविज्ञानात ह्या शब्दाखाली दोन वेगळे रोग आले. पहिला भुरी. इंग्लंडमधील मार्गेट येथे टकर नावाच्या माळ्यास १८४५ मध्ये द्राक्षवेलींवर ती आढळली आणि बर्कली ह्यांनी १८४७ मध्ये तिचे वर्णन केले. तिच्यावर गंधक हा उपाय तेव्हापासून रूढ झाला. दुसरा केवडा. नाशिककडील द्राक्ष बागाईतदार त्यास डावणी म्हणतात. त्यासाठी मोरचूद व चुना ह्यांचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये मीयार्दे ह्यांनी १८८५ मध्ये पुढे आणले. केवड्यास कारणीभूत होणारे जीव आता खऱ्या कवकांत गणलेच जात नाहीत.

हा शेतीतील शब्द घरात शिरण्यास बऱ्याच अंशी कापडाचा व्यापार कारणीभूत झालेला दिसतो आणि ह्या इतिहासात हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानात व चीनमध्ये येई. वजन वाढविण्यासाठी त्याला पिठाची व चिनी मातीची भरमसाट खळ देत आणि ती लवचिक राहावी म्हणून हवेतील पाणी ओढणारे क्षार तीत घालीत. पीठ हे अन्न व क्षार हे पाणी, अशी बुरशीची दोन्ही सोय गिरणीतच झालेली असे. गाठी फोडल्यावर आतील थान डागाळलेले निघे आणि दोष गिरणीचा, जहाजाचा की हवेचा ह्यावर वाद माजत. अशा डागांच्या कारणांवर १८७७ व १८८० मध्ये इंग्लंडात स्वतंत्र ग्रंथ निघाले. त्यांत कापडावरील बुरशीस 'मिल्ड्यू' हेच नाव आहे. झिंक क्लोराइड हे जंतुनाशक खळीत मिसळण्याची प्रथा ह्याच काळातील. वस्तुतः कमी खळ हा अधिक सोपा उपाय होता, पण त्यात नफा नव्हता.

बुरशीचा वैज्ञानिक अभ्यास पुस्तकाच्या कव्हरापासून सुरू झाला, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. रॉबर्ट हुक ह्यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मायक्रोग्राफिया ह्या ग्रंथात एका लहान पुस्तकाच्या तांबड्या चामडी बांधणीवरील बुरशीचे वर्णन व चित्र दिले आहे. त्यांना तिची बीजे सापडली नाहीत; ती कुजण्यातून आपोआप उत्पन्न होते, असे त्यांनी मानले. मीकेली ह्यांनी १७२९ मध्ये बीजुके खरबुजाच्या फोडींवर पेरून तीच बुरशी पुन्हा उगविली व तो समज खोटा ठरविला. ॲस्परजिलस हे नावही त्यांचेच. घराच्या भिंतीवरील काळ्या बुरशींपैकी जिचा अलीकडे फार बोलबाला झाला ती स्टॅकिबॉट्रिस कॉर्डा ह्यांनी १८३७ मध्ये प्रागमधील एका घराच्या भिंतीकागदावरून वर्णिली.

भारतीय लेखकांना ओलीचे भय पूर्वीपासून ठाऊक होते. हस्तलिखिताच्या शेवटी तेल, पाणी व सैल बांधणी ह्यांपासून पोथी जपण्याची विनंती करण्याचा प्रघात होता. कागदास हरताळ लावीत. त्याने कीड दूर राही आणि चुकलेली अक्षरेही झाकता येत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यातूनच आला. हरताळ हा आर्सेनिकाचा सल्फाइड आहे. यूरोपात आर्सेनिकयुक्त हिरव्या रंगाच्या ओलसर भिंतीकागदांवर काही बुरशी वाढून लसणीसारख्या वासाचा विषारी वायू सोडतात, असे गॉसिओ ह्यांनी १८९० नंतरच्या दशकात दाखविले. विष लावले म्हणजे बुरशी मरतेच असे नाही, हा त्या प्रयोगांचा निष्कर्ष चांगलाच अस्वस्थ करणारा होता.

कुबट वास हा बुरशीच्या व मातीतील काही सूक्ष्मजंतूंच्या बाष्पनशील संयुगांचा असतो. त्यांपैकी जिओस्मिन हे १९६५ मध्ये ओळखण्यात आले; नांगरलेल्या जमिनीच्या वासात तेच आहे. नाकाला ते अत्यल्प प्रमाणातही कळते, म्हणून डाग दिसण्यापूर्वी वास येतो. वास आहे पण डाग नाही, अशा वेळी कपाटामागे, माळ्यावर, गाद्यांच्या खालच्या बाजूस व कौलांखालील वाशांवर शोध घ्यावा लागतो.

घरगुती इंग्रजीत पातळ, सपाट, पुसून जाणाऱ्या करड्या थरास 'मिल्ड्यू' व उंचवट्याच्या, रंगीत, आत रुतलेल्या वाढीस 'मोल्ड' म्हणतात. दोन्ही बुरशीच होत. भेद वाढीच्या पायरीचा आहे. तरीही तो निरुपयोगी नाही. ओल्या फडक्याने पुसून खालचे लाकूड वा चामडे घट्ट व स्वच्छ निघाले, तर वाढ वरवरची असते. धागा तुटू लागला, गिलावा भुसभुशीत झाला वा पुसल्यावर थोड्याच दिवसांत डाग परत आला, तर कवकजाल आत पोहोचलेले आहे किंवा ओलीचा उगम चालू आहे. ही परीक्षा जुनीच आहे. बायबलमधील लेवीय ह्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात डागाळलेले घर सात दिवस बंद ठेवून डाग पसरतो की नाही हे याजकाने पाहावे, पसरल्यास दगड व गिलावा काढावा आणि तरीही परतल्यास घर पाडावे, असा क्रम सांगितला आहे. काळा डाग बुरशीचा की मळाचा, हे पाहण्यास त्यावर विरंजक द्रवाचा एक थेंब पुरतो. बुरशीचा डाग फिका पडतो, मळाचा पडत नाही.

किनाऱ्यावर आणखी एक फसगत होते. जांभ्याच्या सच्छिद्र भिंतीतून वर चढणारे क्षार उन्हाळ्यात पांढऱ्या पुळ्यांच्या रूपाने बाहेर येतात. हा लोणा होय. तो चिमटीत करकरतो व पाण्यात विरघळतो. बुरशी विरघळत नाही. मिठाला सु. ७५ टक्क्यांवरील आर्द्रतेत पाणी सुटते, म्हणून लोणा लागलेली भिंत पावसाळ्यात गळती नसतानाही ओली राहते व पुढे तिच्यावर खरी बुरशी येते. जुन्या घरांत चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडी, चुलीचा धूर माळा कोरडा ठेवी आणि पडवीस झापे लावून पावसाची झड अडवीत. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो व गॅसच्या शेगडीला धूर नसतो. ह्या सुधारणा घेताना वाऱ्याची वाट ठेवण्याचे मात्र राहून गेले.

ह्या ओळखीचे महत्त्व केवळ स्वच्छतेपुरते नाही. घरातील ओल व बुरशी ह्यांचा दम्याशी व श्वसनाच्या तक्रारींशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नमूद केले. धान्यावरील बुरशी तर प्राणघातक ठरू शकते : १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल ह्या जिल्ह्यांत पावसाने भिजलेला मका खाऊन अफ्लाटॉक्सिनाच्या विषबाधेने १०६ माणसे दगावली. तो मका फेकून देण्याजोगी त्या कुटुंबांची स्थिती नव्हती.

भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळविली, तर बुरशी सहसा धरत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली किनाऱ्यावरील घरांची कौले व पत्रे उडविले तेव्हा ही मुदत पाळणे अशक्य होते. पाऊस तोंडावर होता, वीज अनेक गावांत कित्येक दिवस नव्हती, त्यामुळे पंखेही चालत नव्हते; वाळविण्यासाठी ऊन नव्हते आणि वाळलेले ठेवण्यासाठी छप्पर नव्हते.