काळाची रेघ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवीत. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो, म्हणजे त्यांच्या हिशेबी वायाच गेलो. तरीही आज त्यांच्या विषयाच्या अंगणात पाऊल टाकीत आहे. त्याचे कारण याच शाळेच्या कार्यालयात घडले.

गेल्या वर्षी मराठी माध्यमाची एक तुकडी चालू ठेवावी की नाही, असा प्रश्न मंडळापुढे आला. मी जुन्या नोंदवह्यांतून पन्नास वर्षांची पटसंख्या उतरवून काढली. माझ्या नातवाने ते आकडे ‘आर’ नावाच्या संगणकभाषेत घालून आलेख काढला. रेघ कड्यावरून कोसळावी तशी खाली आली होती. सभेत क्षणभर कोणी बोलले नाही. मग मी त्याला उभा अक्ष शून्यापासून धरायला सांगितले. तीच रेघ आता टेकडीवरून उतरणाऱ्या पायवाटेसारखी सौम्य दिसू लागली. आकडे तेच, चित्रे दोन. यांतले खरे कोणते, या प्रश्नाने मला काळाच्या रेघेचा इतिहास शोधायला लावले.

वर्षे आडवी आणि प्रमाण उभे मांडण्याची रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कोणी रूढ केली हे मनातही येत नाही. तिचे मोठे श्रेय विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाकडे जाते. १७८६ साली लंडनमध्ये त्याचा ‘कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलास’ हा ग्रंथ निघाला. त्यातील ४४ आलेखांपैकी एक वगळता सर्व कालक्रमाचे होते आणि मुख्य विषय होता इंग्लंडची आयात-निर्यात. थोरले बंधू गणितज्ञ जॉन प्लेफेअर यांनी आपल्याला उष्णतामापकाच्या नोंदी मांडायला लावल्या, त्यातून ही युक्ती सुचली, असे ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केले आहे.

अशा कालक्रमाने मांडलेल्या आकड्यांना संख्याशास्त्रात कालश्रेणी म्हणतात. सर्वांत प्रसिद्ध कालश्रेणी सौरडागांची. जर्मनीतील डेसाऊ गावचा औषधविक्रेता हाइनरिख श्वाबे वर्षानुवर्षे सूर्यावरील डाग मोजत बसे. १८४४ साली त्याने सुमारे दहा वर्षांचे आवर्तन जाहीर केले. रुडोल्फ वोल्फने जुन्या नोंदी जमवून ही श्रेणी अठराव्या शतकापर्यंत मागे नेली. आवर्तन सरासरीने अकरा वर्षांचे निघाले. १९२७ साली उड्नी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने एका वर्षाचा आकडा मागील दोन वर्षांच्या आकड्यांवरून मांडून दाखविला. १९३१ साली गिल्बर्ट वॉकर यांनी ती पद्धत पुढे नेली.

हे वॉकर आपल्याला परके नाहीत. १९०४ ते १९२४ या काळात ते भारतातील वेधशाळांचे प्रमुख होते आणि मोसमी पावसाचे भाकीत करता यावे म्हणून दूरदूरच्या ठाण्यांवरील हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहत होते. त्यांच्या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून १९२८ साली पुण्यास आले. पुणेकर त्या वास्तूला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ते यामुळेच. आज आर भाषेत मागील आकड्यांवरून पुढचा आकडा मांडण्याची ‘एआर’ ही आज्ञा दिली, की वेगळे न सांगितल्यास ती यूल-वॉकर पद्धतीनेच हिशेब करते.

या भाषेचा वंशही सांगितला पाहिजे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एस’ ही भाषा सुरू केली. तिच्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ‘आर’ रचली, १९९३ साली ती जाहीर केली आणि १९९५ साली सर्वांना मुक्त केली. २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. या भाषेला आकड्यांची रांग द्यावी, आरंभीचे वर्ष सांगावे आणि वर्षाला किती नोंदी ते सांगावे. सौरडागांच्या मासिक श्रेणीसाठी १७४९ आणि १२ एवढे सांगितले, की ती रांग कालश्रेणी होते आणि ‘प्लॉट’ म्हणताच रेघ उमटते.

पण न सांगितलेल्या गोष्टी भाषा स्वतः ठरविते. लहानात लहान आणि मोठ्यात मोठा आकडा मावेल एवढाच उभा अक्ष ती घेते. आमचा कडा तिथे तयार झाला होता. एका बाबतीत मात्र ती फार प्रामाणिक आहे. आमच्या दोन वर्षांच्या नोंदी वाळवीने खाल्ल्या होत्या. मी कागदावर पेन्सिलीने त्या जागी सरळ रेघ जोडून दिली होती. ते आकडे नाहीत असे कळविताच आरने तिथे रेघ तोडली आणि जागा मोकळी सोडली. संशोधनात आयुष्य घालवलेला मी, त्या मोकळ्या जागेपुढे ओशाळलो.

चौकटीचा आकारही असाच बोलतो. बेल प्रयोगशाळेतील विल्यम क्लीव्हलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखविले, की रेघेचे चढउतार सरासरीने ४५ अंशांजवळ आले म्हणजे डोळ्यांना त्यांच्यातील फरक उत्तम कळतो. सौरडागांची रेघ चौकोनी चौकटीत नुसते सुळके दाखविते. चौकट रुंद आणि बुटकी केली, की डाग भरभर वाढतात आणि सावकाश ओसरतात, हे दिसू लागते. दीपायन सरकार यांनी आरसाठी रचलेल्या ‘लॅटिस’ या संचात हा आकार आपोआप काढण्याची सोय आहे.

त्या सोयीने आम्ही पटसंख्येचे तिसरे चित्र काढले. कडाही दिसला नाही आणि पायवाटही नाही. दिसल्या त्या दोन पायऱ्या. पट दोनदा उतरला होता आणि मधली बरीच वर्षे जवळजवळ स्थिर होता. मराठी आता संपत चालली, ही सभेतली हळहळ थांबली आणि त्या दोन वेळी नेमके काय घडले, हा प्रश्न पुढे आला. त्याचे उत्तर आलेखात नाही. ते त्या वर्षांच्या पालकांना, शिक्षकांना आणि आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे, की आलेखासोबत तो काढण्याच्या आज्ञाही नोंदवहीत चिकटवून ठेवाव्यात. त्या दहा-बारा ओळींत काय धरले, काय सोडले, अक्ष कुठून घेतला, हे सारे लेखी उरते. पुढच्याने ते वाचून आमची चूक दाखवावी. तुकडीचा निर्णय मंडळाने एक वर्ष पुढे ठेवला आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाकडे त्या दोन हरवलेल्या वर्षांचे वर्गाचे छायाचित्र असेल, तर ते कार्यालयात आणून द्यावे. डोकी मोजून ती मोकळी जागा निदान थोडी भरता येईल.