थकबाकी व्यक्तीची की वास्तूची? : नवी मुंबईतील लिलावातील सदनिका आणि देयकांच्या दायित्वाचा इतिहास

प्रस्तावना

गृहकर्जाचे हप्ते थकल्यानंतर बँकेने सदनिकेचा ताबा घेणे व लिलावाद्वारे तिची विक्री करणे, ही प्रक्रिया नवी मुंबईत आता परिचयाची झाली आहे. मात्र आर्थिक अडचणीत सापडलेल्या कुटुंबाचे केवळ हप्तेच थकतात असे नाही. वीजदेयक, पाणीपट्टी, मालमत्ता कर आणि गृहनिर्माण संस्थेचा मासिक देखभाल खर्च हेही मागे पडत जातात. लिलावात सदनिका घेणाऱ्याच्या हाती किल्लीसोबत ही देयकेही येतात काय? या प्रश्नाला कायद्याने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ‘थकबाकी व्यक्तीची’ या भूमिकेकडून ‘थकबाकी वास्तूची’ या भूमिकेकडे हा प्रवास झाला असला, तरी प्रत्येक देयकाच्या बाबतीत तो सारख्याच टप्प्यावर पोहोचलेला नाही, असे दिसून येते.

एक सदनिका, अनेक खाती

सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर नवे शहर वसविण्याचे काम तिच्याकडे आले. सिडकोने जमीन विकली नाही, ती ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. त्यामुळे सदनिकाधारक मालक म्हणवला जात असला तरी जमिनीचा मूळ धनी सिडकोच राहिली. तारण ठेवण्यास तिचा ना-हरकत दाखला आणि हस्तांतरणास तिचे शुल्क, हे ओघाने आले.

नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ पासून सुरू झाला आणि मालमत्ता कर व पाणीपट्टी ही तिची खाती झाली. वीजपुरवठा राज्य वीज मंडळाकडे होता. २००५ साली मंडळाच्या विभाजनानंतर तो महावितरणकडे आला. दक्षिणेकडील नोडांत चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली व खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे नोड तिच्या हद्दीत आले. पालिकेने स्थापनेपासूनचा मालमत्ता कर मागितला, तेव्हा त्याच काळाचे सेवाशुल्क सिडकोला दिल्याचे सांगून रहिवाशांनी दुहेरी आकारणीस विरोध केला. अशा सदनिकेवर नेमके किती देणे आहे, हे खुद्द मूळ धारकालाही निश्चित सांगता येत नसेल, तर लिलावात बोली लावणाऱ्या त्रयस्थाची स्थिती सहज लक्षात येते.

न्यायनिर्णयांचा मार्ग

महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम १४१ नुसार मालमत्ता कराचा मिळकतीवर अग्रक्रमाचा बोजा असतो. तथापि १९७१ साली अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या बोजाला मर्यादा घातली. थकीत कराची सूचना नसताना मोबदला देऊन लिलावात मिळकत घेणाऱ्याविरुद्ध तो बजावता येत नाही, असा निर्णय झाला. म्हणजे खरेदीदाराला ‘ठाऊक होते काय’ हा प्रश्न निर्णायक ठरला.

विजेच्या बाबतीत १९९५ चा ईशा मार्बल्स निर्णय महत्त्वाचा आहे. बिहारमधील वित्तीय महामंडळाने विकलेल्या मिळकतीच्या खरेदीदाराकडून आधीच्या ग्राहकाची थकबाकी वसूल करण्यास न्यायालयाने नकार दिला. वीजपुरवठा हा मंडळ व ग्राहक यांच्यातील करार असून नवा खरेदीदार त्या कराराचा पक्षकार नाही, ही त्यामागील भूमिका होती.

पुढील दशकात विद्युत अधिनियम, २००३ लागू झाला आणि राज्य आयोगांच्या विनियमांनी ही भूमिका बदलली. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा संहितेतील विनियम १०.५ नुसार आधीच्या मालकाची थकबाकी हा जागेवरील बोजा ठरविण्यात आला. परंतु त्याच विनियमाने एक संरक्षणही दिले. कायदेशीर वारस वगळता इतर नव्या मालकावर येणारे दायित्व कमाल ६ महिन्यांच्या थकीत देयकांपुरते मर्यादित करण्यात आले. १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आधीची थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी न देण्याची वैधानिक अट ग्राह्य ठरविली. ईशा मार्बल्समधील तत्त्व त्यामुळे बऱ्याच अंशी मागे पडले.

सरफेसी कायदा आणि ‘जसे आहे जेथे आहे’

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना दिवाणी न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार दिला. ६० दिवसांची नोटीस, ताबा, जाहीर लिलाव असा त्याचा क्रम आहे. बँकेला ज्ञात असलेले बोजे विक्री-नोटिशीत नमूद करणे नियमांनुसार आवश्यक आहे. प्रत्यक्षात ‘जसे आहे जेथे आहे’ या शब्दांत थकबाकी शोधण्याची जबाबदारी बोलीदाराकडे सरकविली जाते. तेलंगणातील एका प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, लिलावाच्या अटींत स्पष्ट उल्लेख असल्याने खरेदीदारास वीज थकबाकीस जबाबदार धरले. २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कलम २६-ई ने नोंदणीकृत तारणधारकाच्या येण्याला शासकीय व स्थानिक करांहून अग्रक्रम दिला आहे. परंतु गृहनिर्माण संस्थेचा देखभाल खर्च हा कर नव्हे. तो वसूल करण्यासाठी संस्थेला सहकार कायद्यान्वये निबंधकाकडून वसुली दाखला मिळविता येतो. व्यवहारात मात्र नव्या खरेदीदाराचे सभासदत्व थकबाकी मिळेपर्यंत रोखून धरण्याकडे संस्थांचा कल असतो.

भार अखेर कोणावर?

सरफेसी कायद्याच्या कलम १३(७) नुसार विक्रीच्या रकमेतून प्रथम खर्च, नंतर बँकेचे येणे भागते व उरलेली रक्कम हक्कदारास परत जाते. रक्कम अपुरी पडल्यास उर्वरित कर्जाची जबाबदारी कर्जदारावर कायम राहते. उदाहरणादाखल, ६० लाख रुपये मूल्याच्या सदनिकेवर ३ लाखांची थकबाकी आहे असे मानू. बँकेने ती विक्रीच्या रकमेतून भागविली, तर कर्जदाराच्या खात्यावर ५७ लाख जमा होतात. बोलीदारास ती आधीच ज्ञात असेल, तर तो ५७ लाखांचीच बोली लावेल, म्हणजे परिणाम तोच. थकबाकी अज्ञात राहिली, तर मात्र खरेदीदारास सदनिका ६३ लाखांस पडते. दायित्व खरेदीदारावर जाते ते कायद्याच्या कलमाइतकेच माहितीच्या अभावामुळे, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

१९७१ च्या निर्णयातील ‘सूचना’ ही संकल्पना अर्धशतकानंतरही या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आहे. वीज थकबाकीला ६ महिन्यांची मर्यादा घालून महाराष्ट्राने एक व्यवहार्य मध्यममार्ग दाखविला. देखभाल खर्चाच्या बाबतीत तसा मार्ग अद्याप रूढ झालेला नाही. सिडको, महानगरपालिका, महावितरण व गृहनिर्माण संस्था या चौघांकडील थकबाकीचे दाखले लिलावापूर्वी मागवून विक्री-नोटिशीत छापणे बँकांस अशक्य नाही. तसे झाल्यास घर गमावलेल्या कुटुंबाचा हिशेब आणि घर घेणाऱ्या कुटुंबाचा हिशेब, दोन्ही प्रारंभीच स्वच्छ होतील. ‘जसे आहे’ विकताना ते ‘कसे आहे’ हे सांगण्याचे उत्तरदायित्व विक्रेत्यावर असणे, हेच न्यायाला धरून होईल.