गल्ल्यावरची मुलगी कोणत्या रकान्यात?

विषय निवडताना आपण आधी विचारतो, "डेटा मिळेल ना?" आज थोडं उलटं बघू. डेटा भरपूर आहे, पण आपल्याला हवा तो माणूसच त्यात सापडत नाही.

25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली. किराणा दुकानं आणि सुपरमार्केट मात्र चालू राहिली. समजा, एक मुलगी बदलापूरला राहते आणि उल्हासनगरच्या सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर बसते. दिवसभर तिच्यासमोरून गिऱ्हाइकं जातात. तिला लागण झाली, तर नोंद पत्त्यावरून होणार, म्हणजे कुळगाव-बदलापूर नगर परिषदेकडे. मधल्या अंबरनाथची नगर परिषद वेगळी, उल्हासनगरला तर महानगरपालिका. तिन्ही शहरं मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर, पण पत्त्यावर चालणाऱ्या यादीत तिचं दुकान दिसतच नाही.

आता मुंबईचं सेरो सर्वेक्षण घ्या. जुलै 2020 मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या भागांतल्या तीन वॉर्डांत 6,936 नमुने तपासले. झोपडपट्ट्यांत सुमारे 57 टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या, बाहेर 16 टक्के. केवढी मोठी दरी! तेव्हा सगळ्यांनी हेच आकडे उचलले, आणि ते योग्यच होतं. पण तुलना राहण्याच्या जागेची आहे, कामाच्या जागेची नाही. घरातली गर्दी आणि गल्ल्यावरची गर्दी यातून वेगळी काढता येत नाही.

कामाची जागा धरून केलेला अभ्यास बघायचा तर अमेरिकेत बोस्टनला जावं लागतं. मे 2020 मध्ये तिथल्या एकाच किराणा सुपरमार्केटमधले 104 कर्मचारी तपासले गेले. 21 जण पॉझिटिव्ह निघाले आणि त्यांतल्या 16 जणांना लक्षणंच नव्हती. गिऱ्हाइकांशी थेट संबंध येणाऱ्यांचं ऑड्स गुणोत्तर इतरांच्या तुलनेत 5.1 आलं. वाचून लगेच "पाचपट धोका" असं लिहू नका हं. एक तर ऑड्स म्हणजे धोका नव्हे. दुसरं, कॉन्फिडन्स इंटरव्हल 1.1 ते 24.8 इतका पसरलेला आहे. दुकान एकच, माणसं थोडी, म्हणून असं होतं.

आणखी एक गंमत, जी मला स्वतःला उशिरा कळली. बोस्टनची तपासणी नाकातल्या स्वॅबची होती, मुंबईची रक्ताची. स्वॅब सांगतो, सध्या शरीरात विषाणू आहे का. अँटीबॉडी सांगते, लागण पूर्वी होऊन गेली का; तीही काही महिन्यांनी ओसरू शकते. म्हणून बोस्टनचे 20 टक्के आणि मुंबईचे 57 टक्के एका तक्त्यात शेजारी ठेवायचे नाहीत. मार्गदर्शक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.

मग आज उल्हासनगरला जाऊन रक्त तपासावं का? उशीर झाला. 16 जानेवारी 2021 पासून लसीकरण सुरू झालं आणि लशीनेही अँटीबॉडी तयार होतात. कोव्हिशिल्ड घेतलेल्यांत विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी शोधून जुनी लागण ओळखता येते, पण कोव्हॅक्सिन अख्ख्या निष्क्रिय विषाणूची, तिथे ही युक्ती चालत नाही. शिवाय आता इतकी वर्षं गेली.

उरतो तो इतिहासकाराचा रस्ता. 2020 चं हजेरीचं मस्टर, पाळ्यांचे तक्ते, पगारकपातीच्या नोंदी, आणि गल्ल्यावर बसलेल्यांच्या मुलाखती. मस्टरमधली सलग चौदा दिवसांची गैरहजेरी म्हणजे लागणच, असं मात्र धरता येणार नाही. घरातल्या दुसऱ्या कुणामुळे झालेलं विलगीकरणही तसंच दिसतं. तेव्हा मुलाखतीत आधी घरात किती माणसं होती ते विचारा, दुकानाचं नंतर.