संहिता, स्मरण आणि नजर : ‘ड्युओ इंटरप्रिटेशन’ची पूर्वपीठिका

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वक्तृत्वस्पर्धांत ‘ड्युओ इंटरप्रिटेशन’ नावाचा एक प्रकार आहे. दोन स्पर्धक एखादे प्रकाशित नाटक, कथा, कादंबरी वा कविता संक्षिप्त करून मुखोद्गत करतात आणि दहा मिनिटांत सादर करतात. वेशभूषा नाही, रंगसामग्री नाही. परस्परांना स्पर्श करायचा नाही. आणि सर्वांत चमत्कारिक नियम असा की, प्रास्ताविकाचा भाग वगळता परस्परांकडे पाहायचेही नाही. दोघेही प्रेक्षकांच्या पलीकडील एका कल्पित बिंदूवर दृष्टी रोखून एकमेकांशी बोलतात. एकाने मारलेली थप्पड समोरच्या हवेत बसते आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याचा गाल झटक्याने वळतो. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर आहार्य येथे वर्ज्य आहे, आंगिक निम्मे बांधलेले आहे आणि मुख्य भार वाचिकावर आहे. हे निर्बंध केवळ स्पर्धेच्या सोयीचे म्हणून सोडून देता येत नाहीत. साहित्यकृती आणि तिचा उच्चार यांच्या नात्याविषयीचा एक जुना वाद त्यांच्यात गोठून राहिला आहे.

टॉमस शेरिडन यांची वक्तृत्वविषयक व्याख्याने 1762 मध्ये प्रसिद्ध झाली. गिल्बर्ट ऑस्टिन यांनी 1806 मध्ये हातांच्या हालचालींची तपशीलवार संहिताच बांधली. या परंपरेचे पुढे अमेरिकेत जे झाले ते बरेचसे यांत्रिक होते : अमुक भावनेला अमुक हस्त. बॉस्टनचे एस. एस. करी यांनी ‘द प्रॉव्हिन्स ऑफ एक्स्प्रेशन’मध्ये (1891) या यांत्रिकतेविरुद्ध आंतरिक विचारक्रियेचा पक्ष घेतला. परंतु खरी सैद्धांतिक कोंडी पुढेच होती. वाचक हा नट आहे काय? 1916 मध्ये मॉड मे बॅबकॉक यांनी अर्थाविष्कार आणि पात्रानुकरण यांच्यात स्पष्ट सीमारेषा आखली. नटाचे दृश्य रंगमंचावर घडते, तर वाचकाचे दृश्य श्रोत्याच्या कल्पनेत घडते, असे या भूमिकेचे सार सांगता येईल. प्रतिस्पर्धी पात्राकडे न पाहता श्रोतृवर्गाच्या दिशेने पाहणे, हा या सिद्धांताचा शारीरिक अनुवाद होय.

या विचाराला विसाव्या शतकाच्या मध्यास नवसमीक्षेचे बळ मिळाले. प्रत्येक कविता ही कुणा कल्पित वक्त्याची उक्ती आहे, हे एकदा मान्य केले की तिचे मोठ्याने वाचन हाच एक समीक्षाव्यापार ठरतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील वॉलेस बेकन यांनी ‘द आर्ट ऑफ इंटरप्रिटेशन’मध्ये (1966) साहित्यकृतीला जणू एक ‘अन्य’ अस्तित्व मानले. वाचकाने तिच्याशी जुळून यायचे, तिला गिळून टाकायचे नाही. त्यांचेच सहकारी रॉबर्ट ब्रीन यांचे ‘चेंबर थिएटर’ अधिक मूलगामी होते. कथा रंगमंचावर आणताना निवेदक गाळायचा नाही. तृतीय पुरुष आणि भूतकाळ जसेच्या तसे ठेवायचे. प्रसंगी पात्र स्वतःविषयीचे निवेदन स्वतःच उच्चारते. दृष्टिकोन ही संकल्पना आपण कादंबरी-समीक्षेत इतक्या सहजपणे वापरतो. ती डोळ्यांना दिसू शकते, हे ब्रीन यांनी दाखविले.

स्पर्धांचा इतिहास याला समांतर चालला. विस्कॉन्सिनमधील रिपन महाविद्यालयाचे ब्रूनो जेकब यांनी 1925 मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल फॉरेन्सिक लीगने (2014 पासून नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन) हा स्मरणाधिष्ठित प्रकार शालेय पातळीवर रुजविला. महाविद्यालयीन पातळीवर मात्र वेगळी परंपरा टिकली : तेथे स्पर्धकाच्या हातात संहितेची वही असते. हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. हातातली वही म्हणजे ‘हे शब्द माझे नाहीत’ याची सतत दिसत राहणारी कबुली. शालेय प्रकारात वही गेली, हात मोकळे झाले, सादरीकरणाला नृत्यासारखी चपळाई आली. पण नजरेचा निर्बंध तेवढा राहिला. सिद्धांताचे एक अंग गळून पडले आणि दुसरे रूढी बनून उरले.

यात सर्वांत मोठी किंमत निवेदकाने मोजली असावी. नियम निवेदनास मज्जाव करीत नाहीत. तथापि दहा मिनिटे, दोन शरीरे आणि गुणानुक्रम लावणारा परीक्षक या तिन्हींचा कल संवादाकडे असणार, हे उघड आहे. वर्णन अभिनयात विरघळते, निवेदकाचा उपरोध तर अभिनीतच होऊ शकत नाही, आणि कादंबरी नकळत एकांकिका होते. काटछाट हीसुद्धा समीक्षाच आहे, असा युक्तिवाद यावर करता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. कोणता परिच्छेद कृतीचा कणा आहे, हे सोळा वर्षांच्या मुलांना ठरवावे लागते. आपल्या पदव्युत्तर वर्गांतही हे क्वचितच घडते. मात्र समीक्षकाचे म्हणणे पडताळण्यासाठी वाचकाजवळ मूळ कृती असते. स्पर्धेतल्या श्रोत्यासमोर उरते ती फक्त छाटलेली कृती, आणि छाटणी कोठे झाली हे लपविण्यातच सादरकर्त्यांचे कौशल्य मानले जाते.

असे असूनही या प्रकारात एक गोष्ट अशी घडते, जी ब्रीन यांनाही विचारात घ्यावी लागली असती. दोघांनी मिळून अनेक पात्रे वठवायची असतात. कीर्तनकार एकटाच अनेक भूमिका घेतो, हे आपल्या परिचयाचे आहे. येथे एकच व्यक्तिरेखा क्षणात एका देहातून दुसऱ्या देहात जाऊ शकते, आणि परस्परांकडे न पाहणाऱ्या त्या दोन नजरा सभागृहात जेथे छेदतात तेथे तिसरेच कुणी उभे असल्याचा भास होतो. ते पात्र मानायचे की गाळलेला निवेदक, याची चर्चा संहिता आणि प्रयोग यांचे नाते अभ्यासणाऱ्यांनी करावयास हवी. 1984 मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या विभागाने ‘इंटरप्रिटेशन’ हे नाव टाकून ‘परफॉर्मन्स स्टडीज’ हे नाव घेतले, तेव्हा साहित्यकृती अभ्यासाच्या केंद्रातून बाजूला सरू लागली होती. शाळकरी स्पर्धकांच्या जोडीला मात्र अजूनही आधी एखादे पुस्तक शोधावे लागते.