डेस्कटॉप आभासीकरण

कर्मचाऱ्याचा डेस्कटॉप त्याच्या टेबलावरील संगणकाऐवजी डेटा सेंटरमधील सर्व्हरवर चालवण्याची पद्धत. हायपरव्हायजर हे सॉफ्टवेअर सर्व्हरचा प्रोसेसर व मेमरी वाटून देऊन त्यावर अनेक आभासी यंत्रे उभी करते. टेबलावरच्या थिन क्लायंटपर्यंत, म्हणजे कमी क्षमतेच्या साध्या यंत्रापर्यंत, केवळ पडद्याचे चित्र पोहोचते. कळफलक आणि माउसचे संदेश उलट दिशेने जातात.

कल्पना मेनफ्रेमच्या काळातली आहे. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० ही मेनफ्रेमवर आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली जाहीर केली; सर्व्हरवरचे विंडोज दूरवरून वापरू देणारे सिट्रिक्सचे विनफ्रेम १९९५ मध्ये आले.

बँकांसारख्या संस्थांसाठी सर्वांत मोलाची ठरते ती सुरक्षितता. लॅपटॉप चोरीला गेला, तरी माहिती सर्व्हरवरच राहते. देखभालही सोपी होते: डेस्कटॉपच्या मूळ प्रतिमेत (इमेज) एकदा दुरुस्ती केली, की तिच्यावर बेतलेले हजारो डेस्कटॉप अद्ययावत होतात. खर्च वाचतो हा दावा मात्र तपासूनच घ्यावा, कारण सर्व्हर, जलद साठवण आणि परवाने यांवर मोठी रक्कम जाते. सकाळी कचेरी उघडताच शेकडो यंत्रे एकदम सुरू होतात आणि साठवण यंत्रणा गुदमरते. या अडचणीला ‘बूट स्टॉर्म’ म्हणतात. व्हिडिओ बैठकींतही नेटवर्कमधील विलंब लगेच जाणवतो.

पुढचा कल भाड्याच्या क्लाउड डेस्कटॉपकडे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये अशी सेवा खुली केली आणि २०२१ मध्ये ठरावीक मासिक दराचे विंडोज ३६५ आणले. ब्रॉडकॉमने २०२३ मध्ये आभासीकरणाचे सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी विकत घेतल्यावर परवान्यांची पद्धत बदलली, त्यामुळे अनेक कंपन्या पर्याय शोधू लागल्या. बरीचशी कामे आता ब्राउझरमध्येच होत असल्याने पूर्ण आभासी डेस्कटॉपची गरज मुख्यत्वे जुन्या विंडोज प्रणाली, कॉल सेंटर आणि बाहेरचे कंत्राटी कर्मचारी यांच्यापुरती उरण्याची शक्यता आहे.