नोएडाचे जुळे मनोरे : सदनिकेसोबत येणारी मोकळी जागा कोणाची?

२८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता उत्तर प्रदेशातील नोएडा शहरातील सेक्टर ९३-अ मध्ये उभ्या असलेल्या 'एपेक्स' आणि 'सियान' या दोन बहुमजली इमारती नियंत्रित स्फोटांद्वारे पाडण्यात आल्या. सुमारे शंभर मीटर उंचीचे हे मनोरे दिल्लीच्या कुतुबमिनारापेक्षाही उंच होते. ते जमीनदोस्त होण्यास दहा सेकंदही लागले नाहीत. या क्षणापर्यंत पोहोचण्यासाठी शेजारच्या इमारतींतील रहिवाशांना मात्र जवळजवळ दहा वर्षे न्यायालयीन लढा द्यावा लागला.

इमारती कोसळतानाची दृश्ये देशभर पाहिली गेली. ज्या प्रश्नावरून हा लढा झाला, तो तुलनेने कमी चर्चिला गेला. वाद केवळ मनोऱ्यांच्या उंचीचा नव्हता. जेथे बगिचा दाखवून घरे विकली गेली होती, तेथे पुढे इमारती बांधता येतात काय, आणि तसे करण्यापूर्वी घर घेतलेल्यांना विचारणे बंधनकारक आहे काय, हा मूळ मुद्दा होता. वेगाने वाढणाऱ्या प्रत्येक शहरातील सदनिकाधारकाशी त्याचा संबंध आहे.

नियोजित शहर, निर्वाचित महापालिका नाही

दिल्लीला लागून असलेल्या नोएडाचे नाव 'न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी' या संस्थेच्या आद्याक्षरांवरून पडले. उत्तर प्रदेश औद्योगिक क्षेत्र विकास अधिनियम, १९७६ अन्वये १७ एप्रिल १९७६ रोजी या प्राधिकरणाची स्थापना झाली. यमुना आणि हिंडन या नद्यांमधील गावांची शेतजमीन संपादित करून तेथे सेक्टर पाडण्यात आले. मूळ उद्देश उद्योगांना जागा देण्याचा होता. पुढे राजधानीतील घरांच्या टंचाईमुळे निवासी बांधकामाने वेग घेतला. २००१ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख असलेली शहराची लोकसंख्या २०११ मध्ये ६ लाखांच्या पुढे गेली.

येथील व्यवस्था महाराष्ट्रातील शहरांपेक्षा वेगळी आहे. प्राधिकरण जमीन संपादित करते, ती विकासकास ९० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते, बांधकामाचे आराखडे मंजूर करते आणि नियमभंग झाल्यास कारवाईही तेच करते. शहरास निर्वाचित महापालिका नाही. त्यामुळे मुंबई किंवा पुण्यातील नागरिक जशी नगरसेवकाकडे धाव घेतो, तशी सोय येथे नाही. जमिनीची विक्री आणि नियमांची राखण ही दोन्ही कामे एकाच हाती असल्याचा परिणाम पुढील घटनाक्रमात दिसून येतो.

आराखडा बदलत गेला

सेक्टर ९३-अ मधील भूखंड क्रमांक ४ नोव्हेंबर २००४ मध्ये सुपरटेक या विकासक कंपनीस देण्यात आला. तेथे 'एमराल्ड कोर्ट' हा गृहप्रकल्प उभारावयाचा होता. २० जून २००५ रोजी मंजूर झालेल्या पहिल्या आराखड्यात तळमजला अधिक नऊ मजल्यांच्या १४ इमारती होत्या. २१ जून २००६ रोजी त्याच अटींवर सुमारे साडेसहा हजार चौरस मीटर अतिरिक्त जमीन देण्यात आली आणि प्रकल्पाचे एकूण क्षेत्र सुमारे ५४,८०० चौरस मीटर झाले.

२९ डिसेंबर २००६ रोजी आराखड्यात पहिली सुधारणा झाली. जुन्या इमारतींवर दोन मजले वाढविण्यात आले व नवे बांधकाम समाविष्ट झाले. २६ नोव्हेंबर २००९ च्या दुसऱ्या सुधारणेत 'टी-१६' व 'टी-१७' या प्रत्येकी २४ मजल्यांच्या दोन इमारतींना मान्यता मिळाली. २ मार्च २०१२ रोजी तिसऱ्या सुधारणेने त्यांचे मजले ४० पर्यंत नेण्यात आले आणि उंची १२१.५ मीटर ठरली. पूर्वीच्या आराखड्यात 'टी-१' या इमारतीलगत हिरवळीची जागा दाखविलेली होती. हे दोन मनोरे त्याच भागात उभे राहू लागले.

या वाढीमागे चटई क्षेत्राचे गणित आहे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे चटई क्षेत्र निर्देशांक ठरवितो. महाराष्ट्रात तो 'एफएसआय' आणि उत्तर भारतात 'एफएआर' या नावाने ओळखला जातो. दहा हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १.५ असल्यास पंधरा हजार आणि २.७५ असल्यास साडेसत्तावीस हजार चौरस मीटर बांधकाम होऊ शकते. जमीन तितकीच राहते, विक्रीयोग्य घरे मात्र जवळजवळ दुप्पट होतात. प्राधिकरणास शुल्क भरून वाढीव निर्देशांक विकत घेण्याची तरतूद नोएडात होती व विकासकाने तिचा लाभ घेतला. त्यातून प्राधिकरणास महसूल आणि विकासकास नफा मिळतो. मोकळी जागा, उजेड, वारा, पाणी आणि वाहनतळ यांवरचा वाढीव भार मात्र आधीपासून राहणाऱ्या कुटुंबांवर पडतो.

रहिवाशांचे आक्षेप

एमराल्ड कोर्टच्या रहिवासी कल्याण संघटनेचे दोन मुख्य आक्षेप होते. पहिला सुरक्षिततेचा. नोएडाच्या २००६ च्या इमारत नियमांनुसार दोन इमारतींमध्ये किमान १६ मीटर अंतर आवश्यक होते. 'टी-१' आणि 'टी-१७' यांच्यामध्ये ते केवळ ९ मीटर होते. असे अंतर दृश्य सौंदर्यासाठी ठेवलेले नसते. आग लागल्यास ती शेजारच्या इमारतीत पसरू नये, अग्निशमन वाहनास फिरण्यास जागा मिळावी आणि खालच्या मजल्यांपर्यंत ऊन-वारा पोहोचावा, ही त्यामागील कारणे आहेत. सर्व इमारती मिळून एकच बांधकाम समूह असल्याने हा नियम लागू होत नाही, असा युक्तिवाद विकासकाने केला. तो न्यायालयात टिकला नाही.

दुसरा आक्षेप मालकीचा होता. सदनिका विकत घेणाऱ्यास चार भिंतींबरोबर सामाईक क्षेत्रात अविभक्त हिस्साही मिळतो. सुमारे साडेसहाशे कुटुंबांच्या वसाहतीत ९१५ नव्या सदनिकांची भर पडली, तर प्रत्येकाचा हिस्सा निम्म्याहून कमी होतो. अशा बदलासाठी सदनिकाधारकांची संमती घेणे उत्तर प्रदेशच्या १९७५ च्या व त्याची जागा घेणाऱ्या २०१० च्या सदनिका कायद्यानुसार आवश्यक होते. ती घेण्यात आली नव्हती.

रहिवाशांनी मंजूर आराखड्याची प्रत मागितली, तेव्हा ती द्यावी काय, अशी विचारणा प्राधिकरणाने विकासकाकडेच केली. विकासकाने नकार दिला आणि प्रत मिळाली नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच परवानगी मागण्याचा हा प्रकार पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदला गेला.

न्यायालयांचे निर्णय

डिसेंबर २०१२ मध्ये रहिवासी संघटनेने अलाहाबाद उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ११ एप्रिल २०१४ रोजी उच्च न्यायालयाने दोन्ही मनोरे पाडण्याचा आणि खरेदीदारांचे पैसे व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध विकासक सर्वोच्च न्यायालयात गेला.

३१ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती एम. आर. शहा यांच्या पीठाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. आराखड्यास दिलेली मंजुरी किमान अंतराच्या नियमांचा भंग करणारी होती, सदनिकाधारकांची संमती घेतली गेली नव्हती आणि प्राधिकरणाचे अधिकारी व विकासक यांचे संगनमत होते, असे निष्कर्ष न्यायालयाने नोंदविले. तीन महिन्यांत मनोरे पाडावेत, त्याचा खर्च विकासकाने सोसावा, खरेदीदारांना वार्षिक १२ टक्के व्याजाने रक्कम परत करावी आणि रहिवासी संघटनेस दोन कोटी रुपये द्यावेत, असा आदेश झाला. संबंधितांवर खटले चालविण्यासही मान्यता देण्यात आली. केवळ एकच मनोरा अंशतः पाडून दुसरा वाचविण्याची विकासकाची विनंती ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेटाळण्यात आली.

नऊ मीटरवरील पाडकाम

पाडकामाचे काम मुंबईच्या एडिफिस इंजिनिअरिंग या कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील जेट डिमॉलिशन्स या कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने केले. केरळमध्ये कोचीजवळील मराडू येथे किनारपट्टी नियमांचा भंग करून बांधलेली संकुले जानेवारी २०२० मध्ये पाडण्यात आली, तेथेही या दोन कंपन्यांनी काम केले होते. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेचे मार्गदर्शन घेण्यात आले.

मनोऱ्यांच्या खांबांत हजारो छिद्रे पाडून सुमारे ३,७०० किलो स्फोटके भरण्यात आली. सर्व स्फोट एकाच वेळी न करता ठराविक क्रमाने घडविले गेले. त्यामुळे खालचा आधार क्रमाक्रमाने निघून जाऊन इमारत बाहेर न कलंडता स्वतःच्या जागेवरच खाली बसते. शेजारच्या इमारतींना जाड आवरणे घालण्यात आली होती. एमराल्ड कोर्ट व लगतच्या एटीएस व्हिलेज या वसाहतींतील सुमारे पाच हजार रहिवाशांना त्या दिवशी सकाळीच बाहेर हलविण्यात आले आणि नोएडा-ग्रेटर नोएडा द्रुतगती मार्ग काही काळ बंद ठेवण्यात आला. जीवितहानी झाली नाही. एटीएस व्हिलेजच्या कुंपणभिंतीचा काही भाग पडला. सुमारे ८० हजार टन ढिगारा निर्माण झाल्याचा अंदाज होता.

नव्या मनोऱ्यांत पैसे गुंतविणाऱ्यांचे काय?

या प्रकरणात आणखी एक बाजू होती. पाडलेल्या मनोऱ्यांत ६३३ जणांनी घरे नोंदविली होती. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार त्यांपैकी २४८ जणांनी पैसे परत घेतले, १३३ जणांनी अन्य प्रकल्पांत घरे स्वीकारली आणि २५२ जण शिल्लक होते. प्राधिकरणाची मंजुरी पाहूनच त्यांनी कष्टाचा पैसा दिला होता. मार्च २०२२ मध्ये विकासक कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाल्याने परताव्याचा प्रश्न अधिकच बिकट झाला. शासकीय मंजुरी असली म्हणजे बांधकाम वैध असतेच असे नाही, हा या घटनेतील सर्वांत कटू धडा आहे.

कायदा आज काय सांगतो?

हा वाद न्यायालयात असतानाच स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, अर्थात 'रेरा' कायदा संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम १४ नुसार मंजूर आराखडा, रेखांकन अथवा सामाईक क्षेत्र यांत बदल करावयाचा असल्यास विकासकाव्यतिरिक्त किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची पूर्वलेखी संमती आवश्यक आहे. एका कुटुंबाने कितीही सदनिका घेतल्या असल्या तरी ते एकच खरेदीदार धरले जाते. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. कलम १७ नुसार सामाईक क्षेत्र रहिवाशांच्या संघटनेस हस्तांतरित करणे बंधनकारक आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. येथे बहुतेक ठिकाणी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन होते आणि जमीन व इमारत संस्थेच्या नावे होणे अपेक्षित असते. विकासकाने टाळाटाळ केल्यास मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ च्या दुरुस्तीने उपलब्ध आहे. दुसरा मार्ग महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० चा आहे. त्यालाच व्यवहारात 'कॉन्डोमिनियम' म्हणतात. त्यात प्रत्येक जण आपल्या सदनिकेचा मालक असतो आणि जमिनीत व सामाईक सुविधांत त्याचा टक्केवारीने ठरलेला अविभक्त हिस्सा असतो. पद्धत कोणतीही असो, मोकळ्या जागेवरील हक्क कागदावर आल्याशिवाय सुरक्षित होत नाही.

घर घेताना दर, मजला आणि खिडकीतून दिसणारे दृश्य यांची चौकशी सर्वच करतात. त्याबरोबरच मंजूर आराखड्याची प्रत मागणे, त्यात मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर 'भावी विस्तार' असा उल्लेख आहे काय ते पाहणे, करारनाम्यात भविष्यातील बदलांना आगाऊ सरसकट संमती घेतली आहे काय हे तपासणे आणि रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील नोंदीशी ते सर्व पडताळून घेणे आवश्यक आहे. एमराल्ड कोर्टच्या रहिवाशांना हीच प्रत मिळाली नव्हती. ती वेळेवर मिळाली असती, तर बांधकाम पायाच्या पातळीवरच रोखण्याची मागणी त्यांना करता आली असती.