कशेळ्याच्या वाडीतली गृहभेट आणि गडचिरोलीचे तक्ते

१/ कर्जतहून मुरबाडकडे जाताना कशेळे लागते. भोवती ठाकूर आणि कातकरी वाड्या पसरलेल्या आहेत. बाळ रुग्णालयात जन्मले असेल, तर आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी त्याच्या घरी जायचे असते. ती वजन करते, ताप मोजते, तक्ता भरते. देशभर चालणाऱ्या या भेटींमागे गडचिरोलीच्या ३९ गावांतील स्त्रियांचे संशोधनकार्य आहे.

२/ गावातल्याच स्त्रीला आरोग्यसेवा शिकवण्याचा विचार महाराष्ट्राला त्याआधीही परिचित होता. डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केले. रायगड जिल्ह्यातच, अलिबागजवळच्या मांडव्याला, जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी त्याच दशकात असा प्रयोग केला.

३/ गावातली स्त्री सेवा देऊ शकते, हे या प्रयोगांतून दिसले. मात्र वैद्यकशास्त्राला पुरावा लागतो: तुलनेसाठी दोन गट, सर्वत्र एकसारखी नोंद आणि नोंदीतली चूक पकडणारी व्यवस्था. डॉक्टर पोहोचत नाहीत अशा गावांत हा पुरावा गोळा कोण करणार?

४/ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६च्या सुमारास गडचिरोलीत ‘सर्च’चे काम सुरू केले. पहिला मोठा प्रयोग बालकांच्या न्यूमोनियावर झाला. त्यात बाळाचे मिनिटाचे श्वास मोजणे आवश्यक होते. पण अनेक दायांना दहापुढे मोजता येत नव्हते. त्यावर वाळूचे घड्याळ आणि मणी हा उपाय निघाला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो, तर श्वास वेगाने चालला आहे असे समजायचे.

५/ या प्रशिक्षणाची दृष्टी इथे स्पष्ट होते. दाईला निरक्षर ठरवून वगळण्याऐवजी साधनच तिच्या हाताला बेतले गेले. या प्रयोगाचे निष्कर्ष १९९०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

६/ पुढचा प्रश्न अधिक कठीण होता: जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू. १९९३मध्ये त्यावरील अभ्यास सुरू झाला. ३९ गावांत नवी सेवा द्यायची होती. तुलनेच्या ४७ गावांत नेहमीच्याच सेवा राहणार होत्या. सेवेच्या गावांतून पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया निवडण्यात आल्या. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणतात.

७/ पहिल्या वर्षी, १९९५-९६मध्ये, त्यांचे मुख्य काम निरीक्षणाचे होते. बाळंतपणाला हजर राहणे, वजन, तापमान आणि श्वास मोजणे, दूध ओढण्यातला फरक टिपणे हे त्या शिकल्या. त्यांच्या नोंदी डॉक्टर गावात येऊन तपासत. ७६३ नवजात बाळांच्या या नोंदींनुसार सुमारे ५४ टक्के बाळांना उपचारांची गरज होती. ते मिळाले अवघ्या २.६ टक्क्यांना. घरच्या अंधाऱ्या खोलीत घडणारे हे दुखणे रुग्णालयाच्या आकडेवारीत येणे शक्यच नव्हते.

८/ त्यानंतर उपचार सुरू झाले. जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे दिसली, की आरोग्यदूत कोट्रायमॉक्साझोल हे औषध आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन देऊ लागल्या. खेड्यातल्या, डॉक्टर नसलेल्या स्त्रीच्या हाती सुई देण्याचा निर्णय धाडसी होता. त्याला आधार त्याच काटेकोर तक्त्यांचा होता.

९/ डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेवेच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू ६२वरून २५.५वर आले होते. तुलनेच्या गावांत ते ५८ होते आणि ५९.६ झाले. पुराव्याला नैतिक किंमतही असते, ती या दुसऱ्या ओळीत दिसते: तिथल्या बाळांच्या मृत्यूंमुळेच पहिल्या ओळीतील यश सिद्ध झाले.

१०/ त्या लेखाच्या लेखकांत पाच नावे आहेत. त्यांत एकही आरोग्यदूत नाही. विज्ञानाच्या प्रथेनुसार हे नेहमीचेच. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने इथे थांबून पाहायला हवे, कारण लेखाचा पाया असलेले निरीक्षण त्या स्त्रियांचे होते.

११/ २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११मध्ये भारत सरकारने हे काम आशांकडे सोपवले. सर्व भेटींसाठी मिळून २५० रुपये मोबदला ठरला. इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती आले नाही. २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली, ती एएनएमना.

१२/ तक्त्याचा अर्थही या प्रवासात बदलला. गडचिरोलीत बाळाचा मृत्यू नोंदवणे म्हणजे ज्ञानात भर घालणे होते. योजनेत भरलेला तक्ता मोबदल्याचा दाखला झाला. पहिल्या ठिकाणी प्रामाणिक वाईट बातमीला मोल होते. दुसऱ्या ठिकाणी पूर्ण भरलेल्या रकान्यांना आहे.

१३/ म्हणून हा इतिहास केवळ यशोगाथा म्हणून वाचता येत नाही. सातवी शिकलेली स्त्री शास्त्रीय पुरावा उभा करू शकते, हे १९९९मध्येच सिद्ध झाले. आज कशेळ्याच्या वाडीत वजनकाटा घेऊन जाणारी आशा त्याच परंपरेची वारस आहे. तिने टिपलेल्या आकड्यांचा अर्थ तिलाही कळावा आणि त्यावर तिचे मत विचारले जावे, एवढा तरी तिचा वारसाहक्क ठरतो.